ट्रॅकवरच्या इंदूताई

इंदूताई भोईर गाडीत बसताना पायातल्या चपला काढून ठेवत. दार उघडायचं, आधी चपला सीटच्या मागे सरकवायच्या आणि मग अनवाणी पायांनी आत बसायचं, असा त्यांचा रिवाज. शेजारी बसणाऱ्याकडे मान न वळवता हुकूम सुटे, "पिशवी मांडीवर, कोपर आत, तोंड बंद." आमच्या कारखान्याचे एक बडे साहेब एकदा त्यांच्या गाडीतून कर्जत स्टेशनपर्यंत आले होते. त्यांनाही हाच हुकूम झाला आणि त्यांनी तो शाळकरी पोरासारखा पाळला. अनवाणी का, असं मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "खाली काय चाललंय ते पायाला कळाया नको?"

त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. पळसदरीच्या रस्त्यावरच्या आमच्या आळीत अजून कोणी गाडीत बसलं की एखादा तो हुकूम म्हणून दाखवतो आणि मग सगळे मुकाट कोपर आत घेतात. मला मात्र लिहायचंय ते एका रविवारी त्यांनी गाजवलेल्या मर्दुमकीबद्दल. तिचा मी साक्षीदार आहे, आणि थोडाफार बळीही.

खोपोलीच्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिसात होतो आणि इंदूताई कँटीन चालवत. "चाखल्याबिगर वाढायचं नाय" हे त्यांचं ब्रीद. आमटीचं पातेलं असो, नवा आचारी असो की नवा मॅनेजर, त्या आधी चाखून बघत. मॅनेजर चाखायची रीत अशी, की पहिल्या दिवशी त्याला सगळ्यांबरोबर ताट घेऊन रांगेत उभं करायचं. जो चिडला तो त्यांच्या लेखी कच्चा, त्याला पुढे वर्षभर भाताचा खालचा थर मिळे. यजमान गेल्यावर, पन्नाशी उलटलेली असताना, त्या गाडी शिकल्या. निवृत्तीनंतर घरी मसाले करायला लागल्या आणि ते माथेरानच्या हॉटेलांना स्वतः पोचवू लागल्या. माथेरानात गाड्यांना बंदी, म्हणून दस्तुरीच्या नाक्यावर गाडी लावायची आणि पुढे माल घोड्यावर. नेरळचा तो घाट त्या अशा चढत, की जणू चुलीवरून दूध उतरवतायत.

सोबतीला बहुतेक वेळा मी असे. मला गाडी चालवता येत नाही. पण शेजारी बसलो की माझा उजवा पाय अखंड ब्रेक दाबत असतो. "भाऊ, तुमच्या बाजूला पेडल नाय," ताई म्हणायच्या. "उगा पत्रा फाडाल माझा."

मग त्या पावसाळ्यात ती म्हैस आडवी आली. पळसदरीच्या अलीकडे, ओल्या रस्त्यावर, अचानक. ताईंनी ब्रेक दाबला, गाडी वळली आणि सरळ भाताच्या खाचरात जाऊन बसली. ताईंना खरचटलंसुद्धा नाही. म्हैस रस्त्यातच उभी राहून गाडी बाहेर काढायचा सगळा कार्यक्रम बघत होती. गॅरेजवाल्यानं गाडी तपासली आणि ब्रेकमध्ये काही दोष नाही म्हणून सांगितलं. पुण्याहून धावत आलेल्या महेशनं, ताईंच्या एकुलत्या एका मुलानं, त्यातून जो निष्कर्ष काढायचा तो काढला. ब्रेक चांगला होता, म्हणजे आई चुकली. आई चुकली, म्हणजे आईचं वय झालं. गाडी विकायची, घराला कुलूप लावायचं आणि आईला पुण्याला न्यायचं.

"अरं, पायाखाली कायतरी थरथरलं," ताई पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "घर्रकन हादरलं ते पेडल. मला वाटलं मोडलं, म्हनून मी पाय उचलला."

"आई, काहीही थरथरलं नाही. तू घाबरलीस."

महेश वाईट मुलगा नव्हता. आईच्या काळजीनं त्याची झोप उडाली होती, हे मला दिसत होतं. पण त्यानं आईला भित्री म्हटलं आणि तिथंच सगळं बिनसलं. ताईंनी पुण्याच्या फ्लॅटला एक वेळ होकार दिला असता. भित्री हा शब्द मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना. त्या दिवसापासून त्यांनी ओल्या रस्त्यावर गाडी काढली नाही. कोरड्या रस्त्यावरही हात घट्ट आवळून चालवायच्या. हुकूम सोडायचंही विसरायच्या. मी एकदा मुद्दाम पिशवी मांडीवर न घेता मागे टाकली, तरी काही बोलल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं.

दिवाळीनंतर त्या एकदम उजळ चेहऱ्यानं माझ्या ओट्यावर आल्या. खालापूरच्या पेट्रोल पंपावर त्यांनी एक जाहिरात वाचली होती. डोंगराच्या पायथ्याशी कुणी खासगी ट्रॅक बांधला होता आणि एका रविवारी नवशिक्यांना तिथं स्वतःची गाडी पळवता येणार होती. वळणं कशी घ्यायची, ब्रेक कसा मारायचा, ते शेजारी बसून शिकवणारं माणूसही मिळणार होतं.

"भाऊ, हितं नुसता ब्रेक मारायला शिकवतात. म्हैस नाय, एसटी नाय, कोन नाय. पायाखाली काय थरथरतं ते मी चाखून बघनार."

"ताई, तिथं मुंबईची पोरं येतील. लाल-पिवळ्या गाड्या घेऊन."

"येऊ द्या की. माझी पांढरी हाय."

महेशला फोन केला. तो आधी हसला, मग चिडला, मग आईचा स्वभाव ठाऊक असल्यानं अटीवर आला. नेरळच्या एका गिऱ्हाइकाशी त्याचं बोलणं झालंच होतं आणि तो माणूस त्याच रविवारी संध्याकाळी गाडी बघायला येणार होता. ट्रॅकवरच्या शिक्षकानं आईला पास केलं तर गाडी राहील. नाहीतर गिऱ्हाइकाच्या हातात किल्ली आणि आई पुण्याला. "चालंल," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवून लगेच तयारीला लागल्या.

पहिली अडचण बुटांची. ट्रॅकवर अनवाणी चालणार नाही, बंद बूट हवेत, असं फोनवर सांगण्यात आलं. ताईंनी कर्जतच्या बाजारातून शाळेच्या पोरांचे पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. घातले आणि हिरमुसल्या. "पाय बहिरा झाला ओ." पण हार मानतील तर त्या इंदूताई कसल्या! रोज दुपारी बूट घालून त्या शिलाई मशीनवर बसू लागल्या. मशीनचं पेडल हळू दाबायचं, जोरात दाबायचं, अर्ध्यात थांबवायचं. त्या आठवड्यात आळीतल्या सगळ्या उशांना नवे अभ्रे मिळाले. साडीचा पदर चालणार नव्हता, म्हणून सुनेचा सलवार-कुडता निघाला. हेल्मेट माझ्या पुतण्याचं. ते डोक्यावर चढवून त्या दारात आल्या तेव्हा दूधवाला दूध न घालताच परत चालला होता.

दुसरी अडचण गाडीची. गाडीत सुटी वस्तू एकही नको, असा नियम. ताईंची गाडी म्हणजे चाकांवरचं कोठीघर. सीटखालून कोयता निघाला, मागून बारदानं, छत्री, नारळ, आणि एक पाटा, जो आपल्याकडे आहे हे त्या केव्हाच विसरल्या होत्या. समोर चिकटवलेला गणपती राहिला. तो घट्ट होता, राहू द्या म्हणून मी सांगितलं. ताईंनी तो स्वतः सोडवून देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. "त्याला सांगितलंय, आजच्याला घरी थांब. मला वळनावर तुज्याकडं बघाया येळ नाय." कर्जतच्या गॅरेजात ब्रेक ऑइल बदललं. जुनं निघालं ते कँटीनच्या उकळून उरलेल्या चहासारखं काळं. टायरची नक्षी तपासली, हवा तपासली, चाकांचे नट आवळले. शुक्रवारी गाडी अशी तय्यार, की पुढच्या दसऱ्यापर्यंत तिला कुणी बोट लावायची गरज नव्हती.

आणि इथंच आमच्या आळीनं घात केला. गाडी शर्यतीला निघालीय असं आळीनं ठरवून टाकलं होतं. शर्यत नाही, शिकवणी आहे, हे मी घरोघर सांगितलं, पण ऐकतंय कोण? शुक्रवारी संध्याकाळी बायकांनी गाडीची पूजा केली. त्याआधी पोरासोरांनी ती धुतली. शनिवारी सकाळी ताईंनी गाडी बाहेर काढली, आळीच्या तोंडाशी नेहमीप्रमाणे ब्रेक दाबला आणि गाडी थांबलीच नाही. माणसाच्या चालीनं, अगदी शांतपणे ती पुढे गेली आणि पलीकडच्या शेणखताच्या ढिगात नाक खुपसून उभी राहिली. शेजारी मी. माझा पाय त्या दिवशी पत्र्यातून आरपार कसा गेला नाही, देव जाणे.

नेमका त्याच वेळी महेश पुण्याहून येऊन पोचला. त्यानं शेणखतातली गाडी पाहिली, आईकडे पाहिलं आणि मोठा श्वास घेतला. "आई, बस झालं आता."

इतक्यात समोरच्या घरातला बबन, शेती करणारा साधा गडी, हातात खोबरेलाची बाटली घेऊन आला आणि चिंतातुर चेहऱ्यानं विचारता झाला, "तेल कमी पडलं काय वो ताई?"

"कसलं तेल?" महेश.

"चाकाच्या आत ती लोखंडाची चकती नाय का? काल धुतल्यावर गंजली व्हती. म्हनलं, ताई एवढ्या मोठ्या कामाला निघाल्यात आन् लोखंड गंजकं? कोयत्याला लावतो तसं चांगलं चोळून तेल लावलं. चारीच्या चारी चाकांना लावनार व्हतो, मागच्यांना चकत्याच गावल्या नाय."

म्हणजे गड्यानं ब्रेकच्या डिस्कला खोबरेल तेल लावलं होतं! मला हसावं की रडावं कळेना. महेश लालबुंद झाला. ताईंनी मात्र बबनच्या खांद्यावर हात ठेवला. "लई मायेनं लावलंस रं बाबा. फकस्त जागा चुकली."

महेश जरा ओशाळला, पण हटला नाही. गाडी ढिगातून मागे ओढताना तो हळूच म्हणाला, "आज बबनकाकांनी तेल लावलं, मान्य. पावसाळ्यात कोणी लावलं होतं?" ताईंचा चेहरा खर्रकन उतरला.

चकतीला चिमटणारे ब्रेक पॅड एकदा तेल प्यायले की पुन्हा वापरायचे नसतात. दुपारपर्यंत कर्जतच्या गॅरेजात नवे पॅड बसले, डिस्क धुऊन लख्ख झाल्या. नवे पॅड आधी हलक्या हातानं रुळवायचे असतात, म्हणून ताई आणि मी पळसदरीच्या धरणाकडच्या मोकळ्या रस्त्यावर गेलो. थोडं पळवायचं, हळू ब्रेक लावायचा, पुन्हा पळवायचं. जरा वेळानं ताई म्हणाल्या, "भाऊ, उद्या पाय पुन्यांदा उचलला तर?" तीस वर्षांच्या ओळखीत त्यांनी मला प्रश्न असा पहिल्यांदाच विचारला होता. मी म्हटलं, "नाही उचलणार." मला काय कळतंय त्यातलं? पण म्हटलं खरं.

रविवारी महेशही आमच्याबरोबर ट्रॅकवर आला. तिथं सगळे लाल-पिवळे होतेच. त्यांच्या रांगेत ताईंची पांढरी गाडी, मागच्या काचेवर 'इंदू मसाले'. पोरं टकमका बघत होती. शिकवायला रेवती नावाची पुण्याची तरुण मुलगी होती. तिनं सगळ्यांना गोल उभं केलं आणि आधी ब्रेकबद्दल सांगितलं. "पूर्ण ताकदीनं ब्रेक मारलात की पेडल पायाखाली थरथरेल. घाबरू नका. चाकं घसरू नयेत म्हणून गाडी आपली आपण ब्रेक धरते आणि सोडते, भराभर. तो धक्का पायाला लागतो. काही मोडलेलं नसतं. गाडी तिचं काम करत असते. तुम्ही फक्त पाय दाबून ठेवायचा."

ताईंनी माझा दंड इतका घट्ट धरला, की वळ उठला. मग त्या पुढे झाल्या. "बाई, हे पुन्यांदा सांगा."

रेवतीनं सांगितलं.

"आनखी एकदा. तो तिकडं निळ्या शर्टातला माझा ल्योक उभा हाय ना, त्याला ऐकू जाईल असं."

सगळी पोरं हसली. महेशही हसला. मग जवळ येऊन म्हणाला, "आई, माझं चुकलं. थरथरलं होतं. पण रस्त्यावर पुन्हा थरथरलं, तर पाय दाबलेला राहील का? मला तेवढंच बघायचंय." प्रश्न खरा होता, आणि ताईंनाही तो खराच वाटला.

नारिंगी शंकूंच्या दोन रांगा लावल्या होत्या. वेगात यायचं, पहिल्या शंकूपाशी पूर्ण ब्रेक मारायचा आणि शेवटच्याच्या आत थांबायचं. जमीन मुद्दाम ओली केलेली. शेजारी रेवती बसली. ताई आल्या, ब्रेक मारला, घर्र झालं आणि पाय उचलला गेला. गाडीनं शेवटचा शंकू लोळवला. दुसऱ्या खेपेला तेच. त्या काच खाली करून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "डोक्याला कळलं ओ. पायालाच कळंना." महेश माझ्या शेजारी खाली मान घालून उभा होता. त्यालाही आता ती हरायला नको होती, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

तिसऱ्या खेपेला ताईंनी निघण्याआधी उजव्या गुडघ्यावर सणसणीत चापट मारली. "दोनदा चाखलंस. आता वाढ." गाडी सुसाट आली. ब्रेक. घर्रर्र. नाक खाली गेलं, पाणी उडालं आणि गाडी शेवटच्या शंकूच्या बरीच अलीकडे ठप्प उभी राहिली. टाळ्या पडल्या. गाडी हलेना. रेवतीचा आवाज आला, "काकू, सोडा आता पाय."

"नाय सोडत!"

"काकू, गाडी थांबलीय!"

"असू दे. जरा येळ धरू दे मला."

त्यानंतर त्यांना कोण अडवणार! दिवसभर वळणं घेतली, आधी सावकाश, मग रंगात येऊन. हुकूमही परत आला. रेवतीला दर फेरीच्या आधी "कोपर आत" ऐकावं लागत होतं, आणि ती बिचारी शिक्षक असूनही आत घेत होती. शेवटच्या फेऱ्यांत ताईंच्या पुढे एक पिवळी गाडी होती. सरळ रस्त्यावर ती तोफेच्या गोळ्यासारखी सुटे आणि वळणावर अडखळे. एका वळणावर तिचं मागचं अंग निसटलं, ती गर्रकन फिरली आणि रस्त्यात आडवी झाली. म्हशीसारखीच. मागून ताई वेगात येत होत्या.

मी डोळे मिटणार होतो. तेवढ्यात माझी नजर महेशच्या पायांकडे गेली. कठड्याशी उभ्या असलेल्या महेशनं उजवा बूट मातीत रुतेपर्यंत दाबून धरला होता.

टायर किंचाळले नाहीत. नुसता तो घर्रर्र आवाज आला, लांबलचक. पांढरी गाडी सरळ रेषेत आली आणि पिवळीच्या दाराच्या अलीकडे, आरामात माणूस उभा राहील एवढी जागा सोडून थांबली. महेश आई म्हणून ओरडला की नुसताच ओरडला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. सगळ्या गाड्या परत रांगेत लागल्यावर पिवळ्या गाडीतला पोरगा ताईंकडे आला आणि पाया पडला. ताईंनी त्याला उठवलं. "सकाळपासून जेवलायस काय? उपाशी पोटी गाडी हाकायची नाय." आणि डब्यातली भाकरी त्याच्या हातावर ठेवली. रेवतीनं महेशला एवढंच सांगितलं, "काकू पास. पुढच्या वेळी तुम्ही या. शिकायला." मी त्या क्षणी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. लाज वाटली नाही.

परत येताना गाडी ताईंनीच चालवली. महेश मागे बसला होता, पिशवी मांडीवर घेऊन. खालापूर गेलं, खोपोली मागे पडली. मला मात्र धाकधूक होती, कारण घरी गिऱ्हाईक बसलेलं असणार होतं.

ते होतंच. ताईंच्या ओट्यावर बबनशी गप्पा मारत एक गृहस्थ बसले होते. गाडी आळीत शिरताच उठून उभे राहिले, चारी बाजूंनी फिरून बघू लागले. "गाडी चांगली ठेवलीय की. कोण चालवत होतं?"

"होतं नाही," महेश म्हणाला. "आई चालवते. तुम्हाला हेलपाटा पडला, माफ करा. गाडी द्यायची नाही."

ते गृहस्थ चांगलेच नाराज झाले. एवढ्या लांबून आलो, आधी कळवायचं नाही का, असं कुरकुरू लागले. ताई सवयीनं त्यांना बसवून चहाला वळल्या, तर महेशनं त्यांच्या हातातलं हेल्मेट घेतलं, त्यांना ओट्यावर बसवलं आणि चहा ठेवायला स्वतः आत गेला. ताईंनी पांढऱ्या बुटांचे बंद सोडले, दोन्ही पाय गार फरशीवर ठेवले आणि त्या अनोळखी माणसाकडे वळून मोठ्या उत्साहानं म्हणाल्या, "बसा हो. गाडी गेली ती गेली, दुसरी घ्याल. पन घेतलीत की एक ध्यानात ठेवा. पायाखाली घर्र झालं, जग हादरलं, समोर काय बी आलं तरी पाय उचलायचा नाय."